दोन जीबी रॅमवाल्यांची दरखास्त

बेंगळूर नगरीतील समस्त ॲपकर्त्यांस,



सार्वजनिक पत्र लिहावयाचे म्हणजे ते मंत्र्यास, महापौरास किंवा एखाद्या कंपनीच्या अध्यक्षास लिहावे, अशी आपल्याकडील जुनी वहिवाट आहे. आणि स्वस्त मोबाईलविषयी कैफियत मांडावयाची तर ती तो मोबाईल बनविणाऱ्याच्या दारी न्यावी, हे सकृद्दर्शनी अगदी सरळ दिसते. तरीही हे पत्र मी त्यांपैकी कोणासही न लिहिता, कोरमंगला, एचएसआर लेआउट, बेळ्ळंदूर आणि व्हाइटफील्ड येथील काचेच्या इमारतींत बसून उभ्या देशाच्या हातातील पडद्यावर काय उमटावे हे ठरविणाऱ्या आपणांस लिहीत आहे. कारण साडेसहा-सात हजार रुपयांचा मोबाईल दीर्घकाळ वापरल्यावर माझे असे मत झाले आहे की, हे यंत्र खोक्यातून बाहेर निघते त्या दिवशी मुळीच वाईट नसते, ते पुढे हळूहळू निकामी होत जाते, आणि त्याला निकामी करणारा हात बहुतेक वेळा कारखानदाराचा नसून आपला असतो.

मी या शहरातील एक जुना मराठी रहिवासी. शहाजीराजांच्या जहागिरीचा दाखला देऊन बेंगळूरवर हक्क सांगण्याचा मोह आमच्यातील काहींना अधूनमधून होतो. मला तो होत नाही. माझा हक्क एवढाच की, आपण जे निर्माण करता ते मी वापरतो, आणि न वापरण्याची मुभा मला दिवसेंदिवस उरेनाशी झाली आहे.

माझ्या मोबाईलची रॅम दोन जीबी आणि स्टोरेज बत्तीस जीबी. आपल्यापैकी अनेकांना हे आकडे पुराणवस्तुसंग्रहालयातील वाटतील, परंतु आपल्या इमारतीच्या फाटकावर नोंदवही घेऊन बसलेला आसामचा किंवा ओडिशाचा पहारेकरी, समोरच्या बांधकामावर सळया वाहणारे यादगीर-रायचूरकडचे मजूर, आपल्या घरी सकाळी येऊन भांडी घासणारी बाई आणि पेठेत सोने गाळणारी आमच्या विटे-खानापूर भागातील मुले यांच्या खिशात याच जातीची यंत्रे आहेत, आणि एसपी रोडवरील व नॅशनल मार्केटमधील दुरुस्तीवाल्यांसमोर दिवसभर जी उघडी पडलेली असतात तीही बहुधा हीच. या दोन जीबींपैकी अर्ध्याहून अधिक भाग अँड्रॉइड स्वतःच्या संसारासाठी ठेवून घेतो. उरलेल्या जागेत एका वेळी एकच ॲप सुखाने नांदू शकते, आणि दुसरे उघडताच पहिल्याला बरखास्त करण्यावाचून यंत्रापुढे मार्ग नसतो. ही त्याची लबाडी नव्हे, नाइलाज आहे.

या नाइलाजाचा परिणाम ओटीपीच्या प्रसंगी जसा अनुभवास येतो तसा अन्यत्र क्वचित येत असेल. एखाद्या कचेरीचे किंवा बँकेचे ॲप उघडावे, चक्र फिरून फिरून स्थिर झाल्यावर त्यात नाव, गाव, जन्मतारीख, आधार क्रमांक असा सर्व मजकूर बोटाने भरावा, कळफलक एकेक अक्षर मागाहून उमटवीत असल्यामुळे दोनदा पडलेले आकडे पुसून काढावेत, आणि अखेरीस ओटीपी पाठविला असल्याची घोषणा झाल्यावर तो पाहण्यासाठी मेसेज उघडावेत, तो तेवढ्या अवकाशात मागील ॲप स्मृतीतून पुसले गेलेले असते. सहा आकडे ओठांवर घोळवीत आपण परत येतो तेव्हा ते आपणांस प्रथमच भेटल्यासारखे स्वागताचा पडदा दाखवून पुनश्च नावापासून आरंभ करावयास सांगते, आणि नवा ओटीपी धाडून हातातला रद्द करून टाकते. आमच्यातील अनुभवी लोकांनी यावर उपाय शोधला आहे: मेसेज उघडावयाचेच नाहीत, पडद्याच्या माथ्यावरून सूचनेची पट्टी क्षणभर सरकते तेवढ्यात आकडे टिपावयाचे. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे ते शेजारच्या मुलास हाक मारतात, आणि अशा रीतीने जो आकडा कोणासही सांगू नये असे बँक बजावीत असते तो जिन्यावर मोठ्याने वाचला जातो.

आता आपण जाणताच की, माणूस दुसऱ्या पडद्यावर जाऊन येणार आहे हे ओटीपी मागणाऱ्या ॲपला आधीच ठाऊक असते, भरलेला मजकूर जाण्यापूर्वी यंत्रात जपून ठेवण्याची तरतूद अँड्रॉइडमध्ये आहे, आणि संदेशातील आकडा अनुमती घेऊन आपोआप उचलण्याचीही सोय आहे. तथापि आठ किंवा बारा जीबी रॅमच्या यंत्रावर ॲप कधी बरखास्तच होत नसल्यामुळे, ज्याच्या हाती तसे यंत्र असते त्याला या तरतुदीची आठवण होण्याचे कारण पडत नाही. मला जे काही म्हणावयाचे आहे त्याचे मूळ येथे आहे. आपण दुष्ट नाही, आळशी तर नाहीच नाही. आपण केवळ वेगळ्या यंत्रावर राहता.

स्टोरेजची कथा याहून रंजक आहे. बत्तीस जीबींपैकी बराचसा भाग यंत्रप्रणाली आणि विकत घेतानाच आत बसविलेली, काढू म्हटल्यास न निघणारी ॲपे अडवून बसलेली असतात. उरलेल्यात कुटुंबाच्या, सोसायटीच्या आणि निवृत्त मित्रांच्या व्हॉट्सॲप गटांतून रोज पहाटे येणारी सुप्रभाताची फुले, समया आणि सुविचार साठत जातात. गूगलने २०१७ च्या डिसेंबरात फाइल्स गो नावाचे जे सफाईचे ॲप काढले त्यामागे भारतीयांच्या या प्रभातकालीन स्नेहाचाच मोठा वाटा होता. परंतु साऱ्या दोषाचे खापर आमच्या सुविचारांवर फोडणे न्याय्य होणार नाही. आपले ॲप प्रथम येते तेव्हा अंग चोरून बसलेल्या पाहुण्यासारखे असते, आणि पाच-सहा अपडेटांनंतर पाहावे तो त्याने आपले सारे सामानसुमान आणून ठेवलेले असते: गाडी बोलाविण्याच्या ॲपमध्ये विम्याची जाहिरात, वाण्याच्या ॲपमध्ये चित्रफिती, पैसे पाठविण्याच्या ॲपमध्ये सोने, कर्ज आणि खेळ. स्वस्त मोबाईलमधील साठवण संथ जातीची असते आणि ती काठोकाठ भरत आली म्हणजे लिहिण्या-वाचण्याचे प्रत्येक काम अधिकच मंदावते. तेव्हा हे सामान जागाच अडविते असे नव्हे, आमचा काळही खाते. म्हणून आमच्या घरात ॲपांची बदली होत असते. गॅसची टाकी नोंदवावयाची त्या दिवशी रिक्षाचे ॲप काढावे, रेल्वेचे तिकीट काढावयाचे तेव्हा वाण्याचे काढावे, आणि काम झाले की पूर्ववत करावे, ज्यात डेटा खर्च होतो तो वेगळाच.

जाहिरातींविषयी मी तक्रार करीत नाही. कुलपाच्या पडद्यावर नको असलेली बातमी आणि कर्जाचे आमिष झळकते ते यंत्राच्या किमतीतील सवलतीचा मोबदला म्हणून, हे मी जाणतो.

वास्तविक ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्याला कसले यंत्र द्यावे, या प्रश्नाचा गंभीर विचार याच नगरीत झाला होता. भारतीय विज्ञान संस्थेतील स्वामी मनोहर, व्ही. विनय, विजय चंद्रू आणि रमेश हरिहरन हे संगणकशास्त्रज्ञ, तसेच एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी मिळून सिम्प्युटर हे हातात मावणारे यंत्र रचले आणि २००१ साली ते लोकांसमोर ठेवले. नऊ हजार रुपयांच्या आसपास किंमत असावी असा त्यांचा संकल्प होता. मूळ आराखड्यात रॅम होती बत्तीस एमबी, म्हणजे माझ्या गरीब मोबाईलच्या रॅमचा चौसष्टावा हिस्सा, आणि तेवढ्यात ते यंत्र भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखविण्याची उमेद बाळगीत होते. त्यातील सर्वांत मार्मिक योजना मात्र एका खाचेची होती. प्रत्येकाने यंत्र विकत घ्यावे अशी अपेक्षाच नव्हती. गावात एक यंत्र असावे आणि ज्याने त्याने आपले स्मार्ट कार्ड त्या खाचेत सरकवून आपापला व्यवहार करावा, अशी कल्पना होती. पुढे २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते अमिडा सिम्प्युटर या नावाने बाजारात आणले, पण विक्री काही हजारांपलीकडे गेली नाही, आणि स्वस्त होत चाललेल्या साध्या मोबाईलने त्यास मागे सारले. त्या अपयशाबद्दल गळा काढावा असे मला वाटत नाही. बाजाराने दिलेला निकाल चुकीचा होता असेही मी म्हणणार नाही. पण त्या मंडळींनी आरंभी जो प्रश्न स्वतःस विचारला, तो आज आपल्या सभागृहांत कोणी विचारतो की नाही, याची मला शंका आहे.

विचारला गेला तर उत्तर काढण्याचे सामर्थ्य आपल्यात आहे, याचा पुरावाही येथलाच आहे. २०१५ साली या शहरातील दोन मोठ्या दुकानदारांनी असे ठरविले की, यापुढे ग्राहकाने ॲपच घ्यावे: फ्लिपकार्टने मोबाईलवरील आपले संकेतस्थळ बंद केले, आणि मिंत्राने त्या वर्षीच्या मे महिन्यात संकेतस्थळ अजिबात मिटवून टाकले. काही महिन्यांतच, नोव्हेंबरात, फ्लिपकार्टने फ्लिपकार्ट लाइट नावाचे हलके दुकान उघडले, जे ब्राउझरमध्येच चाले, काही उतरवून घ्यावे लागत नसे, आणि दुबळ्या जाळ्यावरही तग धरी. त्याचे अनुकरण पुढे जगभर झाले. मिंत्रालाही दुसऱ्या वर्षी संकेतस्थळ पुन्हा उघडावे लागले. त्याच २०१५ च्या सुमारास फेसबुकने अमेरिकेतील आपल्या नोकरवर्गासाठी मंगळवारचा एक नेम सुरू केला होता, ज्यात इच्छा असणाऱ्याने तासभर टू-जीच्या गतीने आपलेच उत्पादन वापरून पाहावयाचे असे. आपल्याकडे मंगळवारी उपवास करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी या उपवासाचाही विचार करावा.

निक्लाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने १९९५ साली सुटसुटीत आज्ञावलींचा कैवार घेऊन एक लेख लिहिला होता, ज्यात यंत्रे जितक्या वेगाने चपळ होतात त्याहून अधिक वेगाने आज्ञावल्या मंद होत जातात, असे गाऱ्हाणे त्याने मांडले. यावर आपले नित्याचे उत्तर असे की, थोडी कळ काढा, चांगले मोबाईल स्वस्त होतच आहेत. हे उत्तर मी हिशेबाला लावून पाहिले. २०१४ च्या सप्टेंबरात अँड्रॉइड वनचे मोबाईल दिल्लीत प्रसिद्ध झाले तेव्हा ६,३९९ रुपयांत एक जीबी रॅम मिळत होती; २०२१ च्या नोव्हेंबरात जिओफोन नेक्स्ट ६,४९९ रुपयांस आला, त्यात दोन जीबी होती. सात वर्षांत आमची रॅम दुप्पट झाली खरी. पण दरम्यान ॲपांनी आपली भूक किती पटींनी वाढविली, हे आपणच आपल्या जुन्या दप्तरात पाहावे. शिवाय १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवरील जीएसटी बाराचा अठरा टक्के झाला, आणि ज्याचा महिन्याचा पगार त्याच्या मोबाईलच्या दुपटीहून फारसा अधिक नाही त्याला ‘नवा घ्या’ हा सल्ला देण्यास मी तरी धजत नाही.

प्रश्न केवळ दुकानदारीचा असता तर मी हे पत्र लिहिलेच नसते. ज्या वाण्याचे दार मला उघडत नाही त्याच्याकडे मी जाणार नाही, एवढ्याने प्रश्न मिटला असता. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर अजून भाजी रोकडीने मिळते. पण गेल्या काही वर्षांत सरकार दरबारचे दारही आपल्या हातात आले आहे. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांस करोनाची लस हवी असल्यास कोविन पोर्टलवर आगाऊ नोंदणी करणे सक्तीचे झाले, ते पोर्टल आरंभी केवळ इंग्रजीत होते, आणि जागा उघडल्याबरोबर क्षणार्धात भरून जात. संगणकनिपुण तरुणांनी जागांची खबर आपोआप देणारी साधने रचली, आणि शहरांतील लोक मोटारी घेऊन आसपासच्या गावांतील केंद्रांवर लस टोचून आले, जेथील रहिवासी अद्याप ओटीपीची वाट पाहत होते. ज्यांच्याजवळ ही साधने नाहीत त्यांनी काय करावे, हा प्रश्न त्या महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयास सरकारला विचारावा लागला. पुढे रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी ॲपवरच, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून, स्थळाच्या नोंदीसह, देण्याचा हुकूम निघाला. ज्या माळावर मोबाईलचे जाळे पोहोचत नाही तेथून मुकादमाने चित्र पाठवावे, आणि ते न गेल्यास उन्हात माती उपसलेल्या माणसाची हजेरी कागदावर शून्य व्हावी, असा तो न्याय होता.

परंतु या विषयातील सर्वांत बोलका प्रसंग माझ्या मुलखातील अंगणवाडी सेविकांनी घडविला, आणि त्याची हकीकत आपण ऐकावी अशी माझी विशेष इच्छा आहे. त्यांना २०१९ साली सरकारने मोबाईल दिले होते, रॅम दोन जीबी; त्यांवर बालकांची वजने, उंची, आहार, गरोदर मातांच्या नोंदी असा सारा जमाखर्च भरावयाचा. २०२१ मध्ये केंद्राचे पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आले. ते या मोबाईलांस पेलवेना. मोबाईल तापत, हँग होत, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येई, आणि ॲपमधील मजकूर इंग्रजी होता, जो वाचण्याची अट त्यांच्या नेमणुकीच्या वेळी कोणी घातलेली नव्हती. अनेकींनी घरातल्या मुलाचा मोबाईल मागून घेऊन काम केले. अखेर त्या वर्षीच्या ऑगस्टात महाराष्ट्रभर सेविका आपापल्या प्रकल्प कार्यालयांत मोर्चाने गेल्या आणि सरकारी मोबाईल टेबलावर परत ठेवून आल्या. अल्प मानधनावर राबणाऱ्या, सरकारी नोकराचा दर्जाही न लाभलेल्या स्त्रियांनी एवढ्या संख्येने यंत्र नाकारावे, ही आपल्या इतिहासात फार वेळा घडलेली गोष्ट नाही. वृत्तपत्रांनी ती खराब मोबाईलची बातमी म्हणून छापली. मला ती खराब मापाची बातमी वाटते: यंत्र जेवढे उचलू शकते तेवढेच ओझे लादावे हे कारखान्यात, गोठ्यात आणि मालधक्क्यावर पाळले जाणारे तत्त्व ॲपच्या बाबतीत पाळले गेले नाही, आणि ते मोडल्याचा दोष भार वाहणाऱ्याच्या पदरी आला.

आपल्या बाजूने एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. जुन्या अँड्रॉइडवर पैशांचे ॲप चालू ठेवणे धोक्याचे असते. कारखानदार स्वस्त यंत्रांस सुरक्षेचे अपडेट लवकरच देईनासा होतो, आणि मग चोरांना वाट मोकळी होते. हे खरे आहे. पण मग चालण्यास नकार देण्यापूर्वी त्या माणसापुढे दुसरा मार्ग ठेवणे हे आपले काम नव्हे काय? बटणांच्या साध्या फोनवरूनही यूपीआयने पैसे पाठविता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये १२३पे ही व्यवस्था सुरू केली. तिची माहिती बंद पडणाऱ्या ॲपच्या अखेरच्या पडद्यावर दोन ओळींत देता आली असती. त्याऐवजी त्या पडद्यावर नवा मोबाईल हप्त्याने घेण्याचे निमंत्रण असते.

आणखी एका वर्गाकडे लक्ष वेधून हे लांबलेले पत्र आटोपते घेतो. आपल्या दारी जेवण किंवा किराणा घेऊन येणाऱ्या मुलाच्या मोबाईलवर आपल्याच ॲपची दुसरी बाजू चालू असते. ग्राहकाची बाजू आपण सजविता. त्याच्या बाजूला दिवसभर ठिकाण कळवीत राहावयाचे, नकाशा उघडा ठेवावयाचा, वस्तूचे छायाचित्र चढवावयाचे आणि फोनही घ्यावयाचा. सिल्क बोर्ड चौकातील उन्हात गाडीच्या दांड्याला बांधलेला तो मोबाईल तापून मंदावतो, नकाशा थिजतो, आणि उशिराचा ठपका त्याच्या नावावर जमा होतो. त्याने पॉवर बँक स्वखर्चाने घेतलेली असते; रॅम विकत घेऊन जोडण्याची सोय मात्र नाही.

माझे मागणे मोठे नाही. प्रत्येक संघाच्या टेबलावर एक दोन जीबीचा, भरत आलेल्या स्टोरेजचा, दोन-तीन वर्षे वापरलेला मोबाईल असावा, आणि त्यावर जे चालत नाही ते तयार झाले असे समजू नये. ओटीपीसाठी बाहेर जाऊन आलेल्या माणसाचा भरलेला अर्ज जागच्या जागी असावा. जे काम साध्या संकेतस्थळावर होते त्यासाठी ॲपची सक्ती करू नये, आणि सरकारी कामाच्या बाबतीत तर कधीच करू नये. ठेका घेताना तसे कलम आपणच सुचवावे, कारण कचेरीतील अधिकाऱ्याच्या हातीही बहुधा चांगलाच मोबाईल असतो.

या पत्रास उत्तर देण्याचे मनात आल्यास ते साध्या मजकुरात द्यावे ही विनंती. चित्रफीत पाठवू नये, कारण तिच्यासाठी कोणते ॲप काढावे याचा निर्णय आमच्या घरी अद्याप तहकूब आहे.



आपला,
मल्लेश्वरम येथील एक मराठी रहिवासी